दारू सोडवायच्या गोळ्या: कोणती, कधी आणि कशी घ्यायची

सातारा-सांगलीकडे दारूच्या गोळीची चौकशी बहुधा एकाच प्रश्नाने सुरू होते: “त्यांना न सांगता चहातून देता येईल असं काही आहे का?” तसं देऊ नये. का देऊ नये, ते डायसल्फिराम या गोळीच्या भागात येईल. पण घरोघरी होणारी त्याआधीची चूक वेगळीच आहे. दारू सोडायची म्हणजे थेट गोळी चालू करायची, असं लोक धरून चालतात. गोळीचा नंबर दुसरा. रोज पिणाऱ्या माणसाचं शरीर आधी सुखरूप दारूवरून उतरवावं लागतं. हा आधीचा आठवडा चुकला, तर पुढची गोळी कितीही चांगली असली तरी माणूस तिच्यापर्यंत पोचतच नाही.

आधी पिण्याचा खरा हिशोब

डॉक्टरकडे जाण्याआधी एका कागदावर लिहून काढा. रोज किती, हे “थोडी” किंवा “एक-दोन पेग” असं न लिहिता मिलीमध्ये लिहा. क्वार्टर म्हणजे १८० मिली. बाटलीवर ४२.८ टक्के लिहिलेलं असेल, तर त्या एका क्वार्टरमध्ये साधारण ६१ ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असतं. दहा ग्रॅमचं एक माप धरलं तर ही सहा मापं झाली. ६५० मिलीची ८ टक्क्यांची स्ट्राँग बिअर म्हणजे चार मापं. “मी फक्त बिअर घेतो” म्हणणाऱ्याने हा गुणाकार जरूर करावा. हातभट्टीची ताकद कुणालाच ठाऊक नसते, म्हणून तिथे ग्लास किती आणि किती वाजता, तेवढं लिहा.

सकाळी उठल्याउठल्या हात थरथरतात का आणि घोट घेतल्यावर थांबतात का? पूर्वी दारू बंद केल्यावर फिट आली होती का, भास झाले होते का? शेवटचा घोट किती वाजता घेतला? या प्रश्नांच्या उत्तरांवरच माणसावर घरी उपचार करायचे की दवाखान्यात दाखल करायचं, हे ठरतं. चालू असलेल्या सगळ्या गोळ्या कॅरीबॅगमध्ये घालून सोबत न्या. बीपी-शुगरच्या, झोपेच्या, कंबरदुखीच्या, आयुर्वेदिक, होमिओपॅथिक, काहीही वगळू नका. बायकोला किंवा भावाला बरोबर न्या, कारण पिणारा माणूस आकडा निम्मा सांगतो. हा कुणाचा दोष नाही, दारूच्या आजारात असं होतंच.

दारू थांबवल्यानंतरचे पाच दिवस

आपल्याकडे लोक दारू एका झटक्यात सोडतात ती तीन प्रसंगी. अपघात किंवा ऑपरेशनसाठी दवाखान्यात दाखल झाल्यावर, खिसा रिकामा झाल्यावर आणि माळ घातल्यावर. माऊलींची पालखी लोणंद-तरडगाव-फलटण करत निघते, त्या दिवसांत गळ्यात तुळशीची माळ घालून कायमची सोडणारे खरोखर असतात आणि त्यातले काही आयुष्यभर पाळतात. त्या निश्चयाला कुणी नाव ठेवू नये. पण शरीराला माळेचं काही कळत नाही. वर्षानुवर्षं रोज अर्धी बाटली पिणाऱ्या माणसाने सोमवारी माळ घातली, की शुक्रवारपर्यंत त्याला सांभाळणारं कुणीतरी जवळ हवंच. माळ घालण्याच्या आधीच्या आठवड्यात डॉक्टरला भेटा, दोन्ही एकत्र चालतं.

शेवटच्या घोटानंतर सहा ते बारा तासांत हात थरथरणं, घाम, छातीत धडधड, मळमळ, झोप उडणं सुरू होतं. फिट येण्याचा धोका पहिल्या दोन दिवसांत सगळ्यात जास्त असतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी खरी भीती असते ती वाताची, म्हणजे ‘डिलिरियम ट्रेमेन्स’ची. माणूस अंगावरचे नसलेले किडे झटकतो, चादर चिमटीत धरून ओढत राहतो, घरातच असून ट्रॅक्टर चालू करायला निघतो, भिंतीशी बोलतो, ताप चढतो. नेमक्या याच वेळी घरचे ‘बाहेरचं काहीतरी’ समजून देवऋषाकडे नेतात आणि हातातले तास घालवतात. यात जीव जाऊ शकतो. १०८ लावा आणि थेट मोठ्या रुग्णालयात न्या.

दारू उतरवताना डॉक्टर साधारणपणे क्लोरडायझेपॉक्साइड देतात, लिब्रियम या नावाने ती बऱ्याच जणांना माहीत असते. यकृत जास्त बिघडलेलं असेल तर लोराझेपाम. पहिल्या दिवशी मात्रा जास्त, मग रोज थोडी कमी आणि पाच ते सात दिवसांत पूर्ण बंद, असा बेत असतो. रोजचा आकडा डॉक्टरने चिठ्ठीवर लिहून द्यायला हवा आणि गोळ्यांचं पाकीट घरच्या माणसाच्या ताब्यात हवं. प्यायलेला असताना किंवा डोळे उघडत नाहीत इतकी झोप असताना पुढची गोळी देऊ नका. दारू आणि या गोळ्या मिळून श्वास मंदावतो. त्या आठवड्यात मोटारसायकल, ट्रॅक्टर, कडबाकुट्टी, सगळं बंद.

इथे एक नेहमीचा घोळ होतो. सातव्या दिवशी गोळी थांबायची असते, पण “झोप छान लागते” म्हणून ती पुढे चालू राहते आणि सहा महिन्यांनी दारूच्या जागी लिब्रियमची सवय लागलेली असते. म्हणूनच हे औषध सरकारच्या कडक नियमांच्या ‘एच-१’ यादीत आहे आणि केमिस्टला विक्रीची नोंद ठेवावी लागते. चिठ्ठीशिवाय देणारा दुकानदार तुमच्यावर उपकार करत नसतो.

दुसरा घोळ सलाईनचा. अशक्तपणा आला, जेवण जात नाही, म्हणून जवळच्या दवाखान्यात ‘ताकदीची’ ग्लुकोजची बाटली चढवली जाते. खूप पिणाऱ्याच्या शरीरात थायमिन, म्हणजे ब-१ जीवनसत्त्व, आधीच संपत आलेलं असतं. थायमिन न देता ग्लुकोज गेलं, तर उरलंसुरलंही वापरलं जातं आणि मेंदूला इजा होऊ शकते. चालताना तोल जाणं, डोळे विचित्र फिरणं, गोंधळणं ही त्याची लक्षणं. म्हणून सुई लावण्याआधी स्पष्ट सांगा: “हे रोज पितात, आधी थायमिन द्या.” फार पिणाऱ्यांना सुरुवातीला थायमिन इंजेक्शननेच दिलेलं बरं, कारण बिघडलेल्या आतड्यातून गोळी नीट शोषली जात नाही.

घरी उतरवणं कुणासाठी योग्य नाही? आधी फिट किंवा वात झालेला, कावीळ असलेला, रक्ताची उलटी किंवा काळी शौच झालेला, हृदयविकार असलेला, गरोदर बाई, आत्महत्येचं बोलणारा आणि घरात रात्री जागायला कुणीच नसलेला माणूस. यांना दाखल करा.

तपासण्या

रक्ताच्या चार-पाच तपासण्या पुरतात. यकृताची तपासणी, क्रिएटिनिन (मूत्रपिंडासाठी), हिमोग्राम, साखर आणि शक्यतो हिपॅटायटिस बी-सी. डायसल्फिरामचा विचार असेल तर ईसीजी. बाईमाणसाची गरोदरपणाची तपासणी. रिपोर्टची फाईल जपून ठेवा, कारण तीन महिन्यांनी आकडा वाढला की घटला हे जुन्या कागदाशी ताडूनच कळतं.

कुणाला कोणती गोळी

*नॅलट्रेक्झोन.* रोज एक, ५० मिलिग्रॅम. मळमळ टाळायला पहिले काही दिवस अर्धी गोळी, जेवणानंतर. दारू घेतल्यावर मेंदूत जी मजेची लहर उठते ती ही गोळी दाबते. त्यामुळे ओढ कमी होते, आणि घोट गेलाच तरी पहिल्यावर दुसरा, दुसऱ्यावर तिसरा ही साखळी बऱ्याच जणांची तुटते. दारूसोबत ती काही प्रतिक्रिया देत नाही. तिची अडचण वेगळी आहे. अफूच्या जातीची वेदनाशामकं ती निकामी करते. ऊसतोडीने कंबर गेलेला, हमालीने खांदा गेलेला माणूस ट्रामाडॉल खात असेल किंवा कोडीनचं खोकल्याचं औषध पीत असेल, तर ते बंद करून किमान सात ते दहा दिवस झाल्याशिवाय ही गोळी घेऊ नये. नाहीतर एका तासात उलट्या, जुलाब, अंगदुखी, घाबरा असा हलकल्लोळ होतो. खिशात एक चिठ्ठी ठेवा: “मी नॅलट्रेक्झोन घेतो.” पुणे-बंगळूर हायवेवर अपघात झाला आणि तुम्ही बोलू शकत नसलात, तर नेहमीचं इंजेक्शन का लागू पडत नाही हे डॉक्टरला त्या चिठ्ठीवरून कळेल. कावीळ चालू असेल किंवा यकृत निकामी व्हायला आलं असेल तर ही गोळी नाही.

*अकॅम्प्रोसेट.* ३३३ मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या दिवसातून तीनदा, म्हणजे रोज सहा. यकृतावर भार नाही, मूत्रपिंडावर आहे. क्रिएटिनिन बिघडलेलं असेल तर मात्रा निम्मी, फारच बिघडलेलं असेल तर देतच नाहीत. दारू थांबवलेल्याला थांबलेलं ठेवायला ही चांगली, पिणं चालू असलेल्याला फारशी उपयोगी नाही. सुरुवातीला पातळ शौच होते. खरी गोची दुपारच्या गोळ्यांची, शेतावर किंवा एमआयडीसीत असलेला माणूस त्या विसरतो. जेवणाच्या डब्याच्या झाकणात पुडी ठेवणं हा साधा उपाय आहे.

*बॅक्लोफेन.* यकृत फार खराब असल्याने बाकीच्या गोळ्या चालत नाहीत, तिथे डॉक्टर हिचा विचार करतात. मात्रा हळूहळू वाढवायची आणि थांबवतानाही हळूहळूच. एकदम बंद केली तर फिट येऊ शकते. झोप येते, आणि दारूबरोबर घेतली तर धोक्याची.

*डायसल्फिराम.* ‘दारूची गोळी’ म्हणून आपल्याकडे सगळ्यांना माहीत असलेली हीच. सहसा २५० मिलिग्रॅम, दिवसातून एकदा. ती ओढ कमी करत नाही. ती भीती निर्माण करते, आणि ती भीती खरी असते. पोटात गेलेल्या दारूचं यकृतात आधी ॲसिटाल्डिहाइड होतं आणि मग ते मोडून बाहेर पडतं. डायसल्फिराम हे मोडण्याचं काम अडवते. मग एखादा घोट घेतला तरी दहा-पंधरा मिनिटांत चेहरा लालबुंद, डोकं ठणकणं, धडधड, उलट्या, श्वास लागणं, बीपी खाली. अशक्त हृदयाला हे झेपत नाही, माणूस दगावूही शकतो.

१९४०च्या दशकात डेन्मार्कमधले दोन संशोधक जंतावरचं औषध म्हणून हेच रसायन स्वतःवर तपासत होते. नंतर दारू घेतल्यावर ते आजारी पडले आणि त्यातूनच हा उपयोग सापडला. आपल्या पोटात काय आहे हे ठाऊक असूनही दारूशी त्याचं वैर आहे हे त्यांना माहीत नव्हतं. चहातून गुपचूप गोळी दिलेल्या नवऱ्याला तर गोळीचाही पत्ता नसतो. त्याला त्रास होतो तो एखाद्या ढाब्यावर किंवा मोटारसायकलवर. काय झालं हे सोबत्यांना कळत नाही आणि डॉक्टर हार्ट ॲटॅकच्या दिशेने शोधत राहतात. शिवाय पुढे कधी ना कधी हे उघड होतंच आणि मग घरच्या हातचा चहासुद्धा तो पीत नाही. उपचाराची वाट तिथेच बंद होते. ‘न सांगता दारू सोडवा’ अशा पावडरींचंही तेच. आत काय आहे हे पुडीवर लिहिलेलं नसेल, तर ती घरात आणू नका.

गोळी सुरू करायला शेवटचा घोट होऊन किमान बारा तास, शक्यतो एक-दोन दिवस झालेले हवेत. पिणाऱ्याने स्वतः समजून सही करून संमती द्यायची. हृदयविकार, वेडाचे झटके, गंभीर यकृतविकार, गरोदरपण असेल तर नको. मेट्रोनिडाझोल ही जुलाबावरची साधी गोळी हिच्यासोबत चालत नाही, माणूस भ्रमिष्ट होऊ शकतो. फिटवरची फेनिटोइन, रक्त पातळ करणारी वॉरफरिन, टीबीची आयसोनियाझिड चालू असेल तर आधी सांगा.

लपलेली दारू हा या गोळीचा मोठा सापळा आहे. दशमूलारिष्ट, अशोकारिष्ट, द्राक्षासव या बाटल्यांवर बारीक अक्षरांत ‘स्वनिर्मित अल्कोहोल’ छापलेलं असतं, ते वाचा. होमिओपॅथीचे थेंब, काही खोकल्याची औषधं, माउथवॉश, दाढीनंतरचं लोशन टाळा. उन्हात राहिलेली नीरा आंबते आणि तिची ताडी होते, म्हणून तीही नको. तासगावची द्राक्षं आणि बेदाणे खुशाल खा, वाईन मात्र एक घोटही नाही.

जिभेवर धातूची किंवा लसणाची चव, सुस्ती हे चालतं. डोळे पिवळे, लघवी गडद, अन्नावरची वासना उडणं, अंगाला खाज सुटणं यातलं काही दिसलं तर गोळी त्याच दिवशी थांबवा आणि यकृताची तपासणी करा. हा धोका क्वचित असतो, पण पहिल्या तीन महिन्यांत जास्त, म्हणून दोन आठवड्यांनी आणि मग अधूनमधून रक्त तपासत राहावं लागतं. पायाच्या बोटांना मुंग्या येत राहिल्या तरी डॉक्टरला सांगा.

रोज सकाळची दोन मिनिटं

डायसल्फिराम चालते ती गोळीमुळे कमी, आणि रोज कुणाच्या तरी समोर घेतल्यामुळे जास्त. एकट्यावर सोडलेली पाकिटं महिन्याने तशीच सापडतात. म्हणून वेळ ठरवा, दात घासल्यावर, चहाच्या आधी. गोळी चुरडून अर्धा ग्लास पाण्यात ढवळायची, तळाशी पांढरा गाळ राहतो म्हणून परत थोडं पाणी घालून तेही प्यायचं. सबंध गोळी दिली तर ती गालात दडवता येते. पिऊन झालं की दोन वाक्यं बोलायची, मग भिंतीवरच्या कॅलेंडरवर त्या तारखेला बरोबरची खूण. खूण पिणाऱ्यानेच करायची. देणाऱ्याचं काम पहाऱ्याचं नाही, साक्षीचं आहे. “आज तरी घे बाबा” अशी रडारड नको, जुना हिशोबही नको. बायकोवर हे ओझं फार होत असेल तर भाऊ, आई किंवा जवळचा मित्र चालतो. पोराबाळांवर हे काम टाकू नये.

धोक्याचे दिवस कॅलेंडरवर आधीच लाल करा: गटारी, गावची यात्रा, मित्राच्या लग्नाची वरात, ऊसबिल जमा होण्याचा आठवडा, ग्रामपंचायतीची निवडणूक. त्या दिवशी गोळी चुकायची नाही आणि संध्याकाळी कुठे असायचं हे सकाळीच ठरवायचं.

प्यायली गेली तर

नॅलट्रेक्झोन किंवा अकॅम्प्रोसेटवर असताना प्यायली गेली, तर गोळी बंद करू नका. दुसऱ्या दिवशी नेहमीप्रमाणे घ्या आणि डॉक्टरला कळवा. लोक उलट करतात. “मोडलंच आता” म्हणून गोळी फेकतात, आणि एका संध्याकाळचा महिना होतो.

डायसल्फिरामवर मात्र पुढची गोळी द्यायची नाही. त्रास सुरू झाला तर आडवं झोपवून पाय उंच करा, उलटी होत असेल तर कुशीवर वळवा. तोंडात लिंबूपाणी, ताक काही ओतू नका. १०८ लावा आणि “डायसल्फिराम चालू आहे, वर दारू घेतली आहे” हे एक वाक्य नक्की सांगा. “बघू तरी गोळी लागते का” म्हणून मुद्दाम घोट पाजून पाहणं हा जुना अघोरी प्रकार आता डॉक्टरही करत नाहीत.

कुठे जायचं

मनोविकारतज्ज्ञ हे यासाठी योग्य डॉक्टर. साताऱ्यात क्रांतिसिंह नाना पाटील जिल्हा रुग्णालय आणि सांगलीत वसंतदादा पाटील शासकीय रुग्णालय आहे, मिरजेला शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. डॉ. नरेंद्र दाभोलकरांनी साताऱ्यात सुरू केलेली ‘परिवर्तन’ संस्था व्यसनमुक्तीचं काम करते. फोनवर बोलायचं तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६, मन फार खचलं असेल किंवा जीव द्यावासा वाटत असेल तर टेलिमानस १४४१६. दोन्ही मोफत. खासगी व्यसनमुक्ती केंद्र निवडताना तीन प्रश्न विचारा: मनोविकारतज्ज्ञ कोण आणि किती वेळा येतात, राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे नोंदणी आहे का, घरच्यांना भेटू देता का. तिसऱ्याचं उत्तर ‘महिनाभर नाही’ असेल तर उठून या.

जतच्या किंवा पाटणच्या टोकाच्या गावांत केमिस्टकडे या गोळ्या असतीलच असं नाही. सांगली, मिरज, सातारा, कराडला तपासणीला जाल तेव्हा महिन्याच्या गोळ्या घेऊन या आणि पाकिटात दहा उरल्या की पुढची सोय करा. गोळी संपल्यामुळे पडलेला खंड हे परत पिण्याचं फार मामुली पण नेहमीचं कारण आहे.

बंद करताना

नॅलट्रेक्झोन आणि अकॅम्प्रोसेट किमान सहा महिने, बरेचदा वर्षभर चालवतात. दोन्ही थांबवायला मात्रा टप्प्याटप्प्याने उतरवावी लागत नाही, पण थांबवायचा महिना ऊसबिलाचा किंवा यात्रेचा नसावा. डायसल्फिराम थांबवलीत तर शेवटच्या गोळीची तारीख कॅलेंडरवर मोठ्या अक्षरांत लिहा. तिथून चौदा दिवस तिचा परिणाम अंगात राहू शकतो, आणि तोवर अरिष्टाची बाटली आणि खोकल्याचं औषध यांचे नियम तसेच लागू राहतात.